भरतीची रेघ

बेलापूरच्या ऑफिसात माझं काम एवढंच होतं:
दुसऱ्याने मोजलेला डोंगर
ट्रेसिंग कागदावर उतरवून घेणं.
तपकिरी शाई, बारीक निब,
मनगटाखाली टिपकागद, घामाचा डाग पडू नये म्हणून.
दर पाचवी रेषा जाड.
मध्येच ती जराशी उसवायची
आणि त्या फटीत उंची लिहायची:
पंचवीस. पन्नास. पंच्याहत्तर.

फणसाची टेकडी मी कधी चढले नव्हते,
पण तिची वळणं बोटांना पाठ होती.
पूर्वेला रेषा सैल, वाळत घातलेल्या पातळासारख्या.
पश्चिमेला इतक्या जवळ
की श्वास सोडला तर एकीची शाई दुसरीला लागावी.
खिंडीत दोन्हीकडच्या समोरासमोर येऊन थबकायच्या,
बोलणं टाकलेल्या जावांसारख्या,
आणि मागे वळायच्या.
एकमेकींना छेदायचं नाही, हा नियम.
काचेच्या टेबलाखालची ट्यूब लावली
की टेकडी आतून उजळायची.
मला वाटायचं, नक्षी आहे.
सहा वर्षं मी ती नक्षी म्हणूनच काढली.

जोमा कोळी आमच्याकडे खलाशी.
म्हणजे बोटीवरचा नव्हे,
मोजणीची लाल-पांढरी पट्टी धरून उन्हात उभा राहणारा.
बापाची होडी विकली
तरी पदाचं नाव तेच मिळालं, म्हणून हसायचा.
एका दुपारी चहाचे कप न्यायला आला,
शीटवर वाकला, बराच वेळ तसाच.
मग म्हणाला,
“मॅडम, ही त भरतीची रेग हाय.”

मी म्हटलं, डोंगर आहे हा, भरती कुठली इथे?

दुसऱ्या दिवशी त्याने टेकडीवरचा दगड आणला,
नारळाएवढा, एका अंगाने तुटका.
घमेल्यात ठेवला,
माठातलं पाणी तांब्या तांब्याने ओतत गेला.
प्रत्येक तांब्यानंतर थांबायचा, पाणी स्थिर होईतो,
आणि ते दगडाला जिथे टेकलंय तिथून
गेरूचा खडा फिरवत
निघाल्या जागी परत यायचा.
सात तांबे. दगड बुडाला.
तो बाहेर काढून फरशीवर ठेवला
आणि मला स्टुलावर चढवलं. “वरशी बगा.”

माझीच शीट होती.
तुटक्या अंगाला रेघा खेटून, उताराला मोकळ्या.
त्याने फक्त समुद्राला वर बोलावलं होतं,
पायरी पायरीने,
आणि प्रत्येक पायरीवर थांबवून
त्याचा काठ लिहून घेतला होता.

त्यानंतर माझा हात मंदावला.
पन्नासच्या रेषेवर वाटायचं,
पाणी आता देवळाच्या उंबऱ्याशी.
पंच्याहत्तरवर ठाकरवाडीतली एक बाई
डोक्यावर हंडा घेऊन चाललेली,
वर नाही, खाली नाही, हिंदकळू नये म्हणून.
ही रेषा तिने माझ्या आधी काढलीय,
पायाने, रोज.
साहेब म्हणाले, स्पीड कमी झाला तुमचा.

पुढे अर्धी टेकडी खडीला गेली.
मशीनने काढलेल्या नव्या शीटवर
सगळ्या रेषा वळणं घेत येतात
आणि एका जागी
एकीवर एक पडून एकच जाड रेघ होतात.
चूक नाही ती.
सरळ तासलेला कडा असाच दिसतो वरून.
तरी जुन्या सवयीने मी ब्लेड शोधलं, खरवडायला.

दगड नेरूळच्या घरी आहे, दाराला अडसर.
गेरू फिकटलाय, सातवी रेघ गेलीच.

परवा दिवाळ्याला गेले होते.
जोमा आता घरीच असतो, जाळी दुरुस्त करतो.
धक्क्याच्या पायऱ्यांवर बसलो दोघं.
समोर ओहोटीचा चिखल,
त्यावर ओल्या काठांच्या रेघा, एकीखाली एक,
कुणाच्याही निबाला न जमाव्यात अशा.
मी विचारलं, शून्याची रेषा आपण कधी काढलीच नाही, ना?
“ती कुनी कारायची नस्ते,” तो म्हणाला.

पाणी वळलं होतं.
बोलता बोलता त्याने माझ्या चपला उचलल्या
आणि एक पायरी वर ठेवल्या.